झॉडची मान आणि १९८८ चा अंक

‘सुपरमॅन कधीच कुणाला मारत नाही, त्याच्याच ग्रहावरच्या खलनायक झॉडची मान मोडून मॅन ऑफ स्टील या सिनेमाने (२०१३) शेवटाची माती केली’ असं एकाने म्हटलंय. माती केली हे मान्य, पण ‘कधीच’ काही पटत नाही. लेखक-चित्रकार जॉन बर्नच्या सुपरमॅन कॉमिकच्या अंक २२ मध्ये (१९८८) तो झॉडसकट तिघांना हिरव्या क्रिप्टोनाइटने (त्या ग्रहाच्या लोकांना मारक असलेलं खनिज) ठार करतो, तेही सोनेरी क्रिप्टोनाइटने त्यांच्या शक्ती आधीच काढून घेतल्यावर! म्हणजे सिनेमातल्यापेक्षा थंड डोक्याने.

फरक पुढे आहे. कॉमिकमध्ये ते ओझं अनेक अंक चालतं, शेवटी तो स्वतःहून पृथ्वी सोडून जातो. सिनेमात एक किंकाळी, प्रेयसी लोइसची मिठी, आणि लगेच त्याने पाडलेल्या ड्रोनबद्दल अमेरिकी लष्कराच्या जनरलशी थट्टामस्करी. खटकतं ते हे.