अभ्र्याची पायपिंग आणि 20.9 टक्के

हडसनकाठ: काल या फोरमवर कुणीतरी ठोकून दिलं, "एचएस कोड (मालाच्या वर्गवारीचा आकडा, ज्यावर आयात शुल्क ठरतं) म्हणजे कारकुनी. 63 चा, म्हणजे शिवलेल्या कापडी वस्तूंचा, कुठलाही आकडा टाका, माल सुटतो. अडवतात ते भारतीय म्हणून." डोकं फिरलं वाचून. मी न्यू जर्सीत सुती बेडशीट आणि अभ्रे मागवतो. साधं, बिनछापाचं बेडशीट 6302.31 मध्ये 6.7 टक्के ड्युटीत येतं. त्यालाच भरतकाम, लेस किंवा पायपिंग (कडेची बारीक गोट) लागली की 20.9. पाकिस्तानचा माल असला तरी मूळ दर तोच. माझ्या पुरवठादाराने "छान दिसतंय साहेब" म्हणून न विचारता निळी पायपिंग मारली आणि इनव्हॉइसवर लिहिलं 'प्लेन'. फरकाची ड्युटी कुणी भरली? मी.

इचलकरंजीचा_धोटा: तो 'कुणीतरी' मीच, नाव घ्यायला लाजू नका. बोटभर पायपिंगला तिप्पट ड्युटी, याला तुम्ही नियम म्हणता? 27 ऑगस्ट 2025 पासून भारतीय मालावर 50 टक्के लावले, तेव्हा आमचे माग थंड पडले. आणि तुम्ही इथे दशांशाचा कीस पाडताय.

शेवा_सीएचए: ते 50 मूळ दरावर चढत होते, त्याच्या जागी येत नव्हते. म्हणजे 56.7 की 70.9, हा होता तो कीस. हडसनकाठ, तुम्हीही साळसूद नाही. अमेरिकेत कोडची जबाबदारी आयातदाराची. शंका होती तर कस्टम्सला नमुना पाठवून आधी रुलिंग (कोणता कोड लागतो याचा लेखी निर्णय) मागायचं. फी लागत नाही, बहुधा महिन्याभरात उत्तर येतं.

इचलकरंजीचा_धोटा: मग कापड इथलं आणि शिलाई दुबईत. मिटलं.

शेवा_सीएचए: काही मिटलं नाही. सुती बेडशीटचा मूळ देश म्हणजे कापड जिथे विणलं तो. दुबईत शिवा नाहीतर चंद्रावर, माल भारतीयच.

जेकॉर्ड_सोलापूर: बेडशीटचं राहू द्या. आमची चादर कशात घालता? एकजण 6301 ब्लँकेट म्हणतो, 8.4 टक्के. दुसरा 6304 बेडस्प्रेड म्हणतो, 4.4. सोलापुरात विचारा, अंगावर घेतात ती चादर!

हडसनकाठ: आमच्या घरी जन्मभर गादीवर अंथरली. बेडस्प्रेडच.

जेकॉर्ड_सोलापूर: तुमच्या घरावरून कायदा चालतो का? सिंगल चादर तिकडच्या पलंगावर टाकून बघा, बाजूने खाली लोंबत नाही. बेडस्प्रेड लोंबतो. जाड, ऊब देणारी वस्तू ब्लँकेटमध्ये जाते.

शेवा_सीएचए: ब्लँकेटच्या खुलाशात थंडीपासून संरक्षण हे शब्द आहेत खरे. पण त्यात बहुतेकदा लव उठवलेलं कापड धरलंय. सोलापुरीला लव कुठाय?

जेकॉर्ड_सोलापूर: "बहुतेकदा" म्हणजे "नेहमी" नव्हे, साहेब. आणि सोलापुरी कशाला म्हणताय तेही सांगा. जीआय (भौगोलिक मानांकन) मिळूनही निम्म्या दुकानांत परगावचा माल 'सोलापुरी' छापून विकला जातो. सूत हाताला लागत नाही, दोन धुण्यांत पोत जातो. त्यावर एक अक्षर नाही!

इचलकरंजीचा_धोटा: आला मूळ मुद्दा! परगावचा म्हणजे आमचा का?

जेकॉर्ड_सोलापूर: ज्याला लागलं त्याने समजून घ्यावं.

इचलकरंजीचा_धोटा: आम्ही ग्रे (न रंगवलेलं, कोरं) कापड विणतो, चादरीचे शिक्के मारत बसत नाही. तुमच्याच पेठेतले व्यापारी बाहेरचा माल उचलतात, आधी त्यांना विचारा.

हडसनकाठ: अहो, चर्चेचा धागा आयात शुल्काचा होता.

जेकॉर्ड_सोलापूर: टेरी टॉवेलचंच घ्या मग. 6302.60, 9.1 टक्के. त्याचाच तुकडा पुसणं म्हणून 6307 मध्ये घातला की 4.1. तुमचा कोणता जातो, दादा?

हडसनकाठ: टॉवेल टॉवेल म्हणूनच जातो. रुलिंगचं मात्र सीएचए साहेबांचं मान्य. महागात पडून मान्य.

इचलकरंजीचा_धोटा: बरं, कारकुनी नाही म्हणतो मी. तुमच्या पायपिंगला मुजरा. पण 'बोटभर' हा शब्द मागे घेणार नाही.