मदत हवी आहे : आईच्या अन्ननलिकेत बुरशी, औषध सुरू केल्यावर साखर खाली जातेय

नमस्कार मंडळी,

आम्ही डिचोलीचे. आई ६३ वर्षांची. रुमॅटॉइड संधिवात जुना, त्यासाठी मेथोट्रेक्सेट आणि रोजची प्रेडनिसोलोन (स्टेरॉइडची गोळी). वर मधुमेह, त्याला मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. एवढ्या गोळ्या पोटात जातात म्हणून पित्ताची पॅन्टोप्राझोलही कायमचीच.

पावसाळ्यात तिचं जेवण कमी कमी होत गेलं. आधी घास अडकतो म्हणायची, मग पाणी पितानाही छातीच्या मधोमध कळ यायला लागली. चहाचा घोट घेतला की कप खाली ठेवायची, छातीवर मूठ दाबून डोळे मिटून बसायची, घोट उतरला की मगच बोलायची. पहिल्या डॉक्टरांनी पित्त म्हणून गोळी दुप्पट केली. फरक शून्य. शेवटी एंडोस्कोपी झाली. अन्ननलिकेच्या भिंतीला फुटक्या दह्यासारखे पांढरे थर चिकटलेले. ब्रशने नमुना घेतला, कॅन्डिडा नावाची बुरशी निघाली. तोंडात मात्र काही नव्हतं, जीभ स्वच्छ, त्यामुळे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

आता त्या बुरशीवर फ्लुकोनाझोल चालू आहे. पहिल्या दिवशी ४०० मिलिग्रॅम, पुढे रोज २००, तीन आठवडे. अजून पहिला आठवडाही संपलेला नाही. पाणी जातंय, भात अजून टोचतो. काल पहाटे आई घामाने चिंब, हात थरथरत होते. साखर ५८! साखरपाणी दिल्यावर सावरली. हे बुरशीच्या गोळीमुळे की न जेवल्यामुळे?

दुसरं, मामा म्हणतात स्टेरॉइडमुळेच झालं तर ती आजच बंद करा. करावी का? तिसरं, डॉक्टरांनी एचआयव्हीची चाचणी सांगितली होती. निगेटिव्ह आली, पण ती गोष्ट नातेवाइकांपर्यंत गेलीच. चवथ तोंडावर आहे, घर भरणार, आणि एक काकू आतापासूनच आईचं ताट वेगळं ठेवायला सांगतायत. हे खरंच लागतं का?

औषधांचा_डबा (फोंडा)
मी फार्मसीत काम करतो. आधी साखरेचं, कारण ते आजचं काम आहे. ग्लिमेपिराइड लिव्हरमधल्या ज्या एन्झाइमने मोडते, तेच फ्लुकोनाझोल अडवतं. म्हणजे गोळी नेहमीचीच, पण शरीरात जास्त वेळ रेंगाळते. त्यात आईचं जेवण अर्ध्यावर. मधुमेहाच्या डॉक्टरांना आजच फोन करून ५८ हा आकडा सांगा. ग्लिमेपिराइड कमी करायची की काही दिवस थांबवायची, ते तेच ठरवतील. फ्लुकोनाझोल स्वतःहून बंद करू नका. साखर पुन्हा ७० खाली गेली तर तीन चमचे साखर साध्या पाण्यात, पंधरा मिनिटांनी परत मोजा, आणि वर आली तरी काहीतरी खायला द्या. ग्लिमेपिराइडच्या गटातल्या गोळ्यांनी साखर पुन्हा पुन्हा पडू शकते, म्हणून रात्री एकदा उठून बघाच. शुद्ध हरपली तर तोंडात काही घालू नका, सरळ १०८. आणि हो, कोलेस्ट्रॉलची किंवा रक्त पातळ करायची गोळी आहे का? त्यांच्याशीही फ्लुकोनाझोलचं जमत नाही.

पांढरा_कोट
मी फिजिशियन आहे, पण आईंना तपासलेलं नाही, त्या बेताने वाचा. कॅन्डिडा आपल्या सगळ्यांच्या तोंडात, आतड्यात असतेच. प्रतिकारशक्ती तिला आवरून धरते. स्टेरॉइड, मेथोट्रेक्सेट, मधुमेह या तिन्हींनी तो पहारा ढिला होतो. त्यामुळे ताट वेगळं करायची काहीही गरज नाही, काकूंना माझं नाव सांगा. एचआयव्हीत हा आजार मुख्यतः सीडी-४ पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) २०० च्या खाली गेल्यावर दिसतो, म्हणून चाचणी सांगतात. सांगायलाच हवी. त्यात कुणाच्या चारित्र्याचा प्रश्न येतो कुठे?

प्रेडनिसोलोन अचानक बंद करू नका. बरीच वर्षं घेतली की शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवणं मंदावलेलं असतं. एकदम तोडली तर रक्तदाब कोसळू शकतो. डोस उतरवायचा तो संधिवाताच्या डॉक्टरांनी, हळूहळू.

माझी खरी काळजी मेथोट्रेक्सेटची. आठवड्यातून एकदाच घेतायत ना? चुकून रोज घेतल्याने पांढऱ्या पेशी कोसळलेले पेशंट आम्ही बघतो, आणि त्यात तोंड-घसाही सोलवटतो. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि लिव्हरची तपासणी झाली नसेल तर मागून घ्या, मेथोट्रेक्सेट आणि फ्लुकोनाझोल दोन्हींचा भार लिव्हरवर असतो.

दुखणं साधारण आठवड्याभरात उतरायला लागतं. पाणी जातंय हे चांगलं लक्षण. आठवडा उलटूनही काहीच फरक नसेल तर परत दाखवा. सायटोमेगॅलो किंवा हर्पिस विषाणूचे व्रणही असेच दुखतात, त्यासाठी बायोप्सी लागते. बुरशीच्याही काही जाती फ्लुकोनाझोलला जुमानत नाहीत. ताप, उलटीत रक्त, काळी शी किंवा पाणीही उतरेनासं झालं तर वाट न बघता बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलचं कॅज्युअल्टी गाठा.

सोलकढी_बंद
आमच्या ह्यांना किडनी ट्रान्सप्लान्टनंतर हेच झालं होतं. फ्लुकोनाझोल सुरू करताच टॅक्रोलिमसचा (नवी किडनी शरीराने नाकारू नये म्हणून घ्यायच्या गोळीचा) डोस उतरवून रक्तातली पातळी तपासली. तेव्हा प्रत्येक डॉक्टरसमोर सगळ्या गोळ्यांची पिशवीच उपडी करा, चिठ्ठ्यांवर विसंबू नका.

खायला उकड्या तांदळाची पेज मिक्सरमधून काढून, कोमट. अंडं मऊ वाफवून. मऊ मुगाची खिचडी. सोलकढी, मिस्कूट (कैरीचं लोणचं) आणि हुमणाचं (माशांच्या कालवणाचं) तिखट काही दिवस लांबच. शेजारीण आग्रहाने सोलकढी पाजून गेली होती, ह्यांच्या डोळ्यांत पाणी! आई कवळी लावते का? लावत असेल तर रात्री काढून, घासून ठेवायची.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. डॉक्टरांशी बोलले, ग्लिमेपिराइड तूर्त थांबवली. दुपारी साखर १४२. मेथोट्रेक्सेट दर रविवारीच, डबीवर मीच लिहून ठेवलंय. सीबीसी उद्या सकाळी. मामांना पांढरा_कोट यांचा प्रतिसाद वाचून दाखवला, ते गप्प आहेत. काकूंना चवथीच्या दिवशी आईच्या शेजारीच पान वाढणार आहे.

कवळी आहे, खालची. ती नुसत्या पाण्यात ठेवायची की त्यात काही घालायचं? दातांचे डॉक्टर गुरुवारपर्यंत नाहीत.

सोलकढी_बंद
रात्री नुसत्या पाण्यात चालेल, पण आधी ब्रश आणि साबणाने घासा. गरम पाणी नको, वाकडी होते. पाण्यात काय घालायचं ते गुरुवारी विचारा, त्यात धातूची तार असेल तर सगळंच चालत नाही.