क्रिस्पसला कोणी विचारलं?

जन्मभर लुबाडायचं आणि शेवटच्या घटकेला 'प्रभू, माफ कर' म्हणून सुटायचं, हा कुठला न्याय, असं तुम्ही विचारलंत. रास्त आहे. पण ही पळवाट नवी नाही. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने ३२६ साली पोटच्या मुलाला, क्रिस्पसला, मारवलं आणि बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती होण्याचा जलविधी, घेतला तो थेट ३३७ साली, मरणशय्येवर. बाप्तिस्म्याने मागची सगळी पापं धुतली जातात म्हटल्यावर तेव्हा बरेच जण तो लांबवत. हिशेबी माणसं!

ख्रिस्ती धर्मसुधारक ल्यूथरचं म्हणणं, खरी श्रद्धा असली की सत्कर्म आपसूक येतं. मान्य, पण घरघर लागलेल्याला वेळ कुठे? आपल्या अजामिळाचंही बघा. मरताना मुलाला 'नारायणा' अशी हाक मारली नि यमदूत परतले, एवढंच आपण धरून बसतो. भागवतात तो लगेच वैकुंठाला जात नाही. आधी पश्चात्ताप, मग गंगाद्वारी जाऊन साधना.

मला खटकतं ते वेगळंच. बायबलातला जक्कय जकातदार निदान येशूला म्हणाला, कुणाला नाडलं असेल तर चौपट परत करतो. येशूशेजारी वधस्तंभावर शेवटच्या घटकेला पस्तावलेल्या चोराकडे द्यायला काही उरलं नव्हतं, ठीक. पण सम्राटाकडे अकरा वर्षं होती.