विषय : दिवाळीचे धान्यसंच आणि यवतमाळचे गाव

सप्रेम नमस्कार,

यंदा दिवाळीपूर्वी मंडळाच्या मदतनिधीतून यवतमाळ जिल्ह्यातील एका गावात गरीब कुटुंबांना गहू-तांदळाचे संच वाटावेत, असा कार्यकारिणीचा विचार आहे. सरकार मोफत धान्य देत असताना याची गरज आहे का, असे काही सभासदांनी विचारले आहे. त्या भागाची माहिती असणाऱ्यांनी मत कळवावे, ही विनंती.

आपला,
कार्यवाह

---

कार्यवाह महोदय आणि सर्व सभासद यांस,

माझे माहेर त्याच जिल्ह्यातले असल्यामुळे थोडे सविस्तर लिहिते. ज्यांचे रेशनकार्ड अंत्योदय (सर्वांत गरीब घरे) किंवा प्राधान्य कुटुंब (त्यांच्या वरची गरीब घरे) या यादीत आहे, त्यांना आणखी गहू-तांदूळ देऊन फारसे साधणार नाही. अंत्योदय कुटुंबाला महिन्याला 35 किलो आणि प्राधान्य कुटुंबात माणशी 5 किलो धान्य मिळते, आणि जानेवारी 2023 पासून त्याचे पैसेही द्यावे लागत नाहीत. अर्थात 5 किलो म्हणजे दिवसाला जेमतेम 165 ग्रॅम. राबणाऱ्या माणसाचे त्यात भागत नाही, आणि डाळ-तेल विकतच आणावे लागते.

उपाशी राहण्याची वेळ येते ती मुख्यतः यादीबाहेरच्यांवर. 2013 चा अन्नसुरक्षा कायदा महाराष्ट्रात फेब्रुवारी 2014 पासून लागू झाला, तेव्हा 2011 च्या जनगणनेच्या आधारे राज्याला सुमारे 7 कोटी लाभार्थ्यांची मर्यादा घालून देण्यात आली, आणि पुढची जनगणना लांबत गेल्याने हिशेब त्याच लोकसंख्येवर अडून राहिला. त्यामुळे लग्न होऊन आलेल्या सुनेचे किंवा वेगळ्या निघालेल्या मुलाच्या कुटुंबाचे नाव चढवायला तहसीलच्या पुरवठा शाखेत जावे, तर ‘इष्टांक (म्हणजे लाभार्थ्यांची ठरवून दिलेली संख्या) पूर्ण झाला आहे’ एवढेच उत्तर मिळते. शिवाय ग्रामीण प्राधान्य कुटुंबासाठी ठरवलेली उत्पन्नमर्यादा वर्षाला 44,000 रुपये, म्हणजे साऱ्या घराला दिवसाकाठी 120 रुपये. नवरा-बायको दोघेही मजुरीला जात असतील, तर खरे उत्पन्न लिहिणारे घर त्यात कसे बसावे, हे ज्यांनी मर्यादा ठरवली त्यांनाच ठाऊक.

या यादीत नसलेल्या केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांची गोष्ट आणखी वेगळी आहे. अमरावती विभाग, मराठवाडा आणि वर्धा मिळून 14 आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत त्यांना 2015 पासून 2 रुपये किलोने गहू आणि 3 रुपयांनी तांदूळ मिळत असे. केंद्राकडून त्यासाठीचे धान्य बंद झाल्यावर 2023 मध्ये राज्याने माणशी महिना 150 रुपये बँक खात्यात देण्याचे ठरवले, आणि पुढे ते 170 केले. पूर्वीइतकेच 5 किलो धान्य त्यात बसवायचे, तर बाजारभाव किलोला 34 रुपयांच्या वर जाऊन चालत नाही, आणि खाते आधारशी जोडलेले नसेल तर तेही हाती पडत नाहीत.

म्हणून माझी सूचना अशी की, संच द्यायचेच असतील तर तूरडाळ आणि तेलाचे द्यावेत, तेही यादीबाहेरच्या घरांना. आणि उरलेल्या निधीतून गावातल्याच एका कार्यकर्तीला वर्षभर मानधन देऊन कार्डांची कामे तिच्याकडे सोपवावीत.

एक सभासद

---

ताईंस नमस्कार,

सूचना पटली, पण एक शंका आहे. इष्टांकच भरलेला असेल, तर कार्यकर्ती नावे चढवणार कशी?

आपला,
कार्यवाह

---

कार्यवाह महोदय,

शंका रास्त आहे. मयत झालेल्यांची आणि कायमचे गाव सोडून गेलेल्यांची नावे कमी झाली की तालुक्यात जागा होते. ती झाल्याबरोबर पूर्ण कागदांसह अर्ज पुढे ठेवणारे कुणी लागते, कारण मजुरी बुडवून तहसीलला खेटे घालणे गरिबाला परवडत नाही. कंट्रोलच्या, म्हणजे रेशन दुकानातल्या, आधार तपासणाऱ्या मशीनवर अंगठा न उमटणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठीही ती उभी राहू शकेल. आधारच्या कारणावरून कुणाचेही धान्य अडवू नये, असे केंद्राने ऑक्टोबर 2017 मध्ये राज्यांना लेखी कळवलेले आहे, आणि तो कागद हातात घेऊन दुकानदाराशी बोलणारे माणूस गावात असेल तर बराच फरक पडतो. तरीही धान्य नाकारले, तर जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आणि त्यापुढे राज्य अन्न आयोग यांच्याकडे लेखी तक्रार करण्याची सोय कायद्यातच आहे. मात्र सगळी नावे वर्षभरात चढतील, असे आश्वासन मंडळाने गावाला देऊ नये.

एक सभासद