गेमिंग संगणकाचा तयार संच: कोटेशनवर ज्या भागाचे नाव नाही, त्याची चौकशी आधी करा

टिळकवाडीकर

माझ्या भाच्याला या वर्षी अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला आणि अभ्यास व गेमिंग या दोन्हींसाठी चालेल असा संगणक घेऊन देण्याचे मी कबूल केले. बेळगावातील एका दुकानातून आम्ही तयार संचाचे कोटेशन आणले. त्यात रायझन ५ ५५०० प्रोसेसर, ए५२० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, पडद्यावरचे चित्र तयार करणारे आरटीएक्स ३०५० ग्राफिक्स कार्ड, फाइली साठवायची ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी आणि शेवटच्या ओळीत ‘गेमिंग कॅबिनेट, ५०० वॅट एसएमपीएससह’ असे लिहिले होते. एसएमपीएस म्हणजे घरातली वीज संगणकाच्या भागांना लागेल तशी बदलून देणारा कॅबिनेटमधला डबा. जीएसटी धरून एकूण ४६,५०० रुपये.

मी पहिल्या पाच वस्तूंचे सुटे भाव बेळगाव आणि कोल्हापूर अशा दोन्ही ठिकाणी विचारले. प्रोसेसर ७,८००, बोर्ड ५,०००, रॅम ३,४००, कार्ड १७,५०० आणि एसएसडी ३,२०० असे धरून बेरीज ३६,९०० रुपये झाली. म्हणजे उरलेले ९,६०० रुपये कॅबिनेट, एसएमपीएस आणि जुळणी यांचे. काचेच्या आणि चार दिव्यांच्या पंख्यांच्या कॅबिनेटला साडेतीन हजार दिले, तरी सहा हजारांहून अधिक रक्कम शिल्लक राहते आणि एवढ्या रकमेत नावाजलेल्या कंपनीचा, कार्यक्षमतेचे प्रमाणपत्र असलेला साडेपाचशे वॅटचा एसएमपीएस येऊन जुळणीची मजुरीही निघायला हवी.

प्रत्यक्षात काय होते, ते मी दुकानात खोका उघडायला लावून पाहिले. एसएमपीएसवर मोठ्या अक्षरांत ५०० वॅट छापले होते. त्याच्या कुशीवरच्या बारीक तक्त्यात मात्र १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर असा आकडा होता. बारा गुणिले सोळा म्हणजे १९२ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही आपली वीज मुख्यतः याच १२ व्होल्टच्या लाइनवरून घेतात, त्यामुळे गेमिंग संगणकासाठी तो एसएमपीएस १९२ वॅटचाच समजायला हवा. शिवाय मोठ्या कार्डाला जोडायची आठ पिनांची वायर त्यातून बाहेरच आलेली नव्हती.

मग कार्डाचा उलगडा झाला. आरटीएक्स ३०५० या एकाच नावाने दोन वेगळी कार्डे विकली जातात. २०२२ सालचे ८ जीबीचे कार्ड १३० वॅट घेते, तर फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेले ६ जीबीचे कार्ड ७० वॅटवर, वेगळ्या वायरीशिवाय, नुसत्या मदरबोर्डच्या स्लॉटच्या विजेवर चालते. फरक केवळ २ जीबीचा नाही. पहिल्यात २,५६० कोअर (चित्राचा हिशेब करणारे छोटे घटक) आणि १२८ बिटांची मेमरी आहे, दुसऱ्यात २,३०४ कोअर आणि ९६ बिटांची, म्हणून मेमरीचा वेग सेकंदाला २२४ जीबीवरून १६८ जीबीवर उतरतो. कोटेशनवर नुसते ‘३०५०’ होते, खोक्यात ६ जीबीचे होते. त्या एसएमपीएसवर ८ जीबीचे कार्ड चाललेच नसते.

माझे मत असे झाले आहे, की तयार संच पारखताना प्रोसेसरपासून सुरुवात न करता कोटेशनच्या शेवटच्या ओळीपासून वर चढावे, आणि ज्या भागाची कंपनी व मॉडेल लिहून दिलेले नाही त्याच भागात काटछाट झाली आहे असे गृहीत धरावे. आपला अनुभव कळवावा.

जुळणीवाला, निपाणी

मी गेली बरीच वर्षे संगणक असेंबल करून देतो, त्यामुळे काउंटरच्या अलीकडची बाजू मांडणे मला आवश्यक वाटते. टिळकवाडीकरांचा हिशेब चुकीचा नाही, पण अपुरा आहे. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांचे भाव आज प्रत्येक गिऱ्हाईक मोबाइलवर पाहून येते आणि पन्नास रुपये जास्त सांगितले तरी उठून जाते. त्यामुळे त्या दोन वस्तूंवर आमच्या हाती जवळजवळ काहीच राहत नाही. दुकानाचे भाडे, पोराचा पगार आणि नंतर वर्षभर ‘चालू होत नाही, येऊन बघा’ म्हणून होणाऱ्या फेऱ्या, हे सारे कॅबिनेट आणि एसएमपीएसवरच निघते. सुटे भाग ऑनलाइन मागवून घरी जोडणाऱ्याला ही रक्कम वाचल्यासारखी वाटते. मात्र संगणक पहिल्याच दिवशी चालू झाला नाही, तर दोष बोर्डाचा, रॅमचा की प्रोसेसरचा हे ठरवायला त्याच्याकडे बदलून पाहायला दुसरा बोर्ड नसतो, आणि प्रत्येक कंपनीचे सर्व्हिस सेंटर त्याला वेगवेगळे गाठावे लागते.

कोल्हापुरात स्वस्त मिळते हा समजही तपासून घ्यावा. जुलै २०१७ पूर्वी दोन राज्यांची करपद्धती वेगळी होती, तेव्हा त्या बोलण्यात तथ्य होते. आज या भागांवर हद्दीच्या अलीकडे आणि पलीकडे तोच १८ टक्के जीएसटी आहे.

दुसरे असे, की ६ जीबीच्या कार्डाला आपण उणे ठरवता, पण ते आपल्या भागाला सोयीचे आहे. हा संपूर्ण संच गेम चालू असताना मॉनिटर वगळता दोनशे वॅटच्या आत राहतो. बहुतेक घरांत ६०० व्हीए (यूपीएसची क्षमता मोजायचे एकक) क्षमतेचा यूपीएस असतो आणि तो साधारण ३६० वॅटचा भार पेलतो. वीज गेली की मुलाला गेम बंद करून फाइल सेव्ह करायला चार-पाच मिनिटे मिळतात. मोठे कार्ड घातले की तोच यूपीएस वीज जाताक्षणी मान टाकू शकतो. प्रमाणपत्रवाले चांगले एसएमपीएस स्वस्तातल्या यूपीएसवर जाताना कधीकधी बंद पडतात, कारण अशा यूपीएसची वीज पायऱ्यापायऱ्यांची असते आणि त्या एसएमपीएसमधील सर्किटला ती नीट मानवत नाही. ही तक्रार घेऊन माझ्याकडे लोक आलेले आहेत.

खानापूर तालुका

दोघांचेही वाचले. जुळणीवाले दादा, आपण म्हणता त्या वर्षभराच्या फेऱ्यांचा मला आलेला अनुभव सांगते. दोन वर्षांपूर्वी आम्ही मुलीसाठी असाच संच घेतला. एप्रिल अखेरीस वळीव आला, दोनदा वीज गेली-आली आणि तिसऱ्यांदा आली तेव्हा कॅबिनेटच्या मागून जळका वास आला. एसएमपीएस गेला आणि जाताना बोर्ड व एसएसडी घेऊन गेला. दुकानदाराने बोर्ड हातात घेऊन, प्रोसेसरच्या कडेला काळा पडलेला चौकोनी भाग दाखवला आणि ‘बर्न झाले त्याला वॉरंटी नाही’ एवढेच सांगितले. तीन वर्षांची वॉरंटी कागदावर होती, पण जळालेल्या वस्तूला ती लागू नाही हे आम्हाला विकत घेताना कोणी सांगितले नव्हते. मुलीचे वर्षभराचे प्रोजेक्टचे काम त्या एसएसडीत होते.

एका काउंटरवर सगळे मिळते हा फायदा मी समजू शकते. पण तो काउंटर हात वर करतो तेव्हा ज्याला काही कळत नाही त्यालाच सर्वांत मोठा फटका बसतो. म्हणून मी टिळकवाडीकरांच्या बाजूची आहे.

अनगोळ, अभियांत्रिकी तिसरे वर्ष

एसएमपीएसवर सर्वांचे लक्ष गेले हे योग्यच आहे, परंतु या संचातील दोन उणिवा अजून कोणी मांडलेल्या नाहीत.

पहिली म्हणजे ‘१६ जीबी रॅम’ ही एक पट्टी आहे की दोन, हे लिहिलेले नाही. डीडीआर४ ३२०० (रॅमचा प्रकार व वेग) ची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी वेग देते. ८ जीबीच्या दोन पट्ट्या जोडीने लावल्या की तो ५१.२ होतो. बहुधा संचात एकच पट्टी असते.

दुसरी मला अधिक महत्त्वाची वाटते. रायझन ५ ५५०० मध्ये अंगभूत ग्राफिक्स नाही. ग्राफिक्स कार्ड बिघडून वॉरंटीत पाठवले, की ते परत येईपर्यंत मॉनिटरवर काहीच दिसत नाही. माझ्या खोलीतील मित्राचे कार्ड परत यायला पाच आठवडे लागले आणि त्या काळात तो असाइनमेंटसाठी माझ्या लॅपटॉपवर अवलंबून राहिला. ५६००जी हा प्रोसेसर साधारण त्याच जातीचा आहे, त्यातही १६ एमबीच एल३ कॅश (प्रोसेसरमधली छोटी पण जलद मेमरी) आहे, पण अंगभूत ग्राफिक्स आहे. थोडे पैसे जास्त पडले तरी शिकणाऱ्या मुलाने तोच घ्यावा. ज्याला फक्त गेमिंगच पाहायचे आहे त्याने ५६०० घ्यावा, कारण त्यात कॅश दुप्पट म्हणजे ३२ एमबी आहे आणि पीसीआय एक्सप्रेसही (ग्राफिक्स कार्ड जोडायचा मार्ग) चौथ्या पिढीचे आहे. तेही बोर्ड बी५५० असेल तरच उपयोगाचे, कारण ए५२० तिसऱ्या पिढीवरच थांबतो. ५५०० या दोहोंच्या मध्ये अडकलेला आहे आणि तो संचात असतो तो केवळ स्वस्त म्हणून.

जाता जाता, अठरा-वीस हजारांत ‘आय५ गेमिंग पीसी’ म्हणून जे जुने संच विकले जातात, त्यांत बहुधा तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर आणि एच६१ बोर्ड असतो. विंडोज ११ अशा प्रोसेसरला अधिकृतपणे चालत नाही, विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि व्हॅलोरंट हा गेम विंडोज ११ वर टीपीएम २.० व सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी मागतो. त्या वाटेला कोणी जाऊ नये.

चिकोडीकर

मला संपूर्ण संचच जुना वाटतो. त्यातला एएम४ सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा) २०१७ पासून चालत आलेला आहे आणि २०२२ मध्ये त्याची जागा एएम५ ने घेतली. आज इतके पैसे घालून उद्या प्रोसेसर बदलायचा झाला तर बोर्ड आणि रॅमही बदलावी लागणार, कारण एएम५ ला डीडीआर५ च लागते. भाच्याला सहा महिने थांबायला सांगा आणि नवा घ्या.

अनगोळ, अभियांत्रिकी तिसरे वर्ष

सर, वर्ग सुरू झालेले असताना सहा महिने थांबणे शक्य नसते. तसेच मेमरीचे भाव कधी कुठे जातील हे सांगता येत नाही, त्यामुळे थांबल्याने स्वस्तच मिळेल असे नाही.

जुळणीवाला, निपाणी

ताई, आपले नुकसान झाले याचे मला मनापासून वाईट वाटते, आणि विकताना बर्नचा नियम सांगणे हे आमचे कर्तव्य आहे हे मी मान्य करतो. तरीही सारा दोष एसएमपीएसवर टाकण्याआधी घरातील अर्थिंग पाहावे, अशी माझी विनंती आहे. मी संगणक बसवायला जातो तेव्हा कॅबिनेट लावल्यावर मागच्या स्क्रूला टेस्टर टेकवतो. जुन्या कौलारू घरांत पुष्कळदा टेस्टरचा दिवा लागतो, कारण तीन पिनांच्या सॉकेटमधली वरची पिन कशालाच जोडलेली नसते. एसएमपीएसच्या फिल्टरमधून थोडीशी वीज पत्र्यावर उतरते आणि तिला जमिनीत जायला वाट मिळत नाही. अशा घरात दहा हजारांचा एसएमपीएस बसवला तरी पत्र्याला हात लावताच मुंग्या येणारच, आणि स्पाइक गार्डही (विजेचा झटका अडवणारे उपकरण) पूर्ण काम करणार नाही. अर्थिंगसाठी तांब्याची वायर ओढून खड्डा करायला येणारा खर्च चार पंख्यांच्या दिव्यांपेक्षा अधिक मोलाचा आहे. वळिवात ढग वाजू लागले की प्लग उपसून ठेवावा, हेही मी प्रत्येकाला सांगतो.

एका पट्टीविषयी माझे म्हणणे वेगळे आहे. या बोर्डांवर बहुधा दोनच खाचा असतात. आज एक पट्टी घेतली तर पुढे दुसरी १६ जीबीची लावून ३२ करता येते. आज दोन ८ च्या घेतल्या तर उद्या दोन्ही मोडीच्या भावात विकाव्या लागतात. बाहेरचे कार्ड असलेल्या संगणकात एका पट्टीमुळे होणारे नुकसान अंगभूत ग्राफिक्सच्या तुलनेत पुष्कळ कमी असते.

टिळकवाडीकर

अर्थिंगचा मुद्दा मला पूर्णपणे पटला. मी स्वतः काल घरच्या सॉकेटमधल्या वरच्या पिनेला टेस्टर लावून पाहिला आणि वरच्या मजल्यावरील खोलीत दिवा लागला, म्हणून वायरमनला बोलावले आहे. यूपीएसबाबत मात्र मी सहमत नाही. चांगला एसएमपीएस साध्या यूपीएसवर बंद पडतो, तो बहुतेक वेळा यूपीएस भाराच्या मानाने लहान असल्यामुळे. दोनशे वॅटच्या संचाला १,००० व्हीएचा यूपीएस दिला तर ती अडचण क्वचितच येते. एका उणिवेवर उपाय म्हणून दुसरी उणीव पत्करायची, ही गोष्ट ज्याच्या घरी जळका वास येतो त्याला परवडत नाही.

आपण सांगितलेले दुकानाचे अर्थशास्त्र मी खोटे मानत नाही. मला एवढेच म्हणायचे आहे, की ती मजुरी असेल तर ‘जुळणी व वर्षभराची सेवा, २,००० रुपये’ अशी वेगळी ओळ कोटेशनवर लिहावी. मी ती आनंदाने देईन. ती रक्कम एसएमपीएसच्या आड ठेवली, की दुकानदाराला अधिकाधिक हलका एसएमपीएस घालणे भाग पडते आणि त्याच्या कामाचे मोलही कोणाला दिसत नाही.

आज आम्ही त्याच दुकानात पुन्हा गेलो होतो. प्रोसेसर ५६००जी, रॅम ८ च्या दोन पट्ट्या (या बाबतीत मी भाच्याचे ऐकले), कार्ड तेच, परंतु बिलावर ‘३०५०, ६ जीबी’ असे स्पष्ट लिहून, आणि एसएमपीएस ५५० वॅटचा, १२ व्होल्टवर ४५ अँपिअर देणारा, मॉडेल क्रमांकासह. दिव्यांचे कॅबिनेट काढून साधे जाळीचे घेतले. बेरीज ४८,९०० रुपये झाली. दुकानदाराने प्रथम आढेवेढे घेतले, पण प्रत्येक भागाचा सीरियल नंबर बिलावर घालायला तो तयार झाला. जुळणीची वेगळी ओळ घालायला मात्र त्याने नकार दिला.

जुळणीवाला, निपाणी

नकार दिला असणारच. ती ओळ लिहिली की गिऱ्हाईक पहिल्यांदा तीच खोडायला सांगते. मी दोन वेळा लिहून पाहिली आणि दोन्ही वेळा ते गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात गेले. एसएमपीएसचे मॉडेल आणि १२ व्होल्टचे अँपिअर मात्र मी उद्यापासून कोटेशनवर लिहीन.