'क्लॅन'ची जमीन म्हणजे कुळाची जमीन?

उंबरठा: सॉलोमन बेटांवरच्या जंगलतोडीवरचा एक लेख मराठीत आणते आहे. तिथली 80 टक्क्यांहून जास्त जमीन सरकारी नाही आणि कुणा एकाचीही नाही. ती रूढीने 'क्लॅन'कडे, म्हणजे एकाच पूर्वजाचा वंश सांगणाऱ्या गटाकडे, चालत आलेली. कंपनीला झाडं तोडायची असली की आधी सुनावणी लागते: इथलं लाकूड द्यायचा हक्क कुणाचा? मग एकेक गट उठून पिढ्या म्हणून दाखवतो, पूर्वजांची थानं कुठेकुठे आहेत ते सांगतो, आणि समोरचा गट ते खोडून काढतो. निकाल पटला नाही तर रूढीच्या जमिनींसाठी वेगळं अपील कोर्ट आहे.

मी सरळ 'कुळाची जमीन' लिहिलं. संपादकांनी समासात विचारलं, "कूळ कळलं, पण मालक कोण?" म्हणजे त्यांनी कूळकायद्यातलं कूळ घेतलं. काय लिहावं? 'जमात' नको, एका जमातीत असे कितीतरी गट असतात.

रत्नागिरीकर: संपादकांनी वाचलं तसंच कोकणातला प्रत्येक जण वाचेल. 1948चा कायदा आला, 1 एप्रिल 1957ला कसणारी कुळं मालक झाली, तेव्हापासून जमिनीच्या गोष्टीत 'कूळ' शब्दाला दुसरा अर्थ उरलेला नाही. 'शहाण्णव कुळी' लग्नाच्या बैठकीत चालतं, तलाठ्याकडे नाही.

'भावकीची जमीन' लिहा. सातबारावर पंचवीस नावं, त्यातली निम्मी वारलेली, आणि एकट्याने काही विकायचं नाही. तरी विकलं जातंच. आमच्या वाडीत लाकूडवाला मुंबईतल्या एका चुलत्याची सही घेऊन आला आणि वरच्या रानातला ऐन, किंजळ सगळा साफ करून गेला. बाकीच्यांना कळलं ते गणपतीला गावी गेल्यावर, तोवर रानात नुसते बुंधे.

उंबरठा: अगदी हेच तिथे होतं! गटाच्या वतीने जे सह्या करतात ते विश्वस्त, रॉयल्टी त्यांच्या हातात पडते, आणि भांडणं पुढे वर्षानुवर्षं चालतात. पण 'भावकी' मला अडतं. मलाइता बेटावर वंश बापाकडून धरतात, ग्वाडलकनालवर आईकडून. जमीन आयांच्या वंशाची आणि सुनावणीत बोलायला उभा राहतो मामा. भावकीत बहिणीला जागा कुठे आहे?

मोडीवाचक: मराठीत या कामाचा शब्द कधीपासून आहे, आपण विसरलो इतकंच. गोत! वतनाचा तंटा पडला की गोतसभा बसायची. वादी-प्रतिवादी आपापली हकिकत मूळपुरुषापासून सांगत, गावचे मिरासदार, बलुतेदार साक्ष देत, कधी दिव्य व्हायचं आणि शेवटी महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, लिहिला जायचा. तुम्ही जी सुनावणी सांगितलीत तिला मी डोळे मिटून 'गोतसभा' म्हणेन. 'गोताची जमीन' लिहा. गोतात सोयरेही येतात, तेव्हा आईकडच्या वंशाची अडचण नाही.

चाफा: गोतसभेत वाद ऐकणारे गावचे, पाटील-कुलकर्णी. तिथे सुनावणी घेतं प्रांताचं सरकार. शब्द सुंदर आहे म्हणून वापरला तर वाचकाला वाटेल तिथेही आपल्यासारखीच व्यवस्था आहे. 'मातृवंश' आणि 'पितृवंश' हे स्वच्छ शब्द असताना एवढी वणवण कशाला?

वैनगंगा: मातृवंश पुस्तकात ठीक आहे हो, पण दाव्याच्या कागदावर काय लिहिणार? आमच्याकडे विदर्भात पिढ्या लिहिलेल्या कागदाला 'कुर्सीनामा' म्हणतात. जात पडताळणीला कुर्सीनामा, वारसाला कुर्सीनामा. 2006च्या वनहक्क कायद्यात आदिवासी नसलेल्या पारंपरिक वननिवासींना 13 डिसेंबर 2005च्या आधीच्या तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षं सिद्ध करावी लागतात. वंशावळ तिथे पुरावा म्हणून चालते, म्हाताऱ्यांचा लिहून घेतलेला जबाब चालतो, मसणवट आणि देवाची जागाही चालते. उंबरठाताई, तुमच्या बेटांवरची थानं हीच की.

चाफा: कुर्सीनामा फारसी वळणाचा. 'वंशावळ' घरचा शब्द असताना तो का उचलायचा?

मोडीवाचक: मग 'सही', 'हक्क', 'मालक', 'वारस', 'दावा' हेही परत करा. जमिनीवर भांडायला मराठीत मग एकही शब्द उरणार नाही.

चाफा: जे रुजलेत त्यांच्याबद्दल बोलतच नाही मी. पुण्यात कुणाला कुर्सीनामा म्हणून बघा.

वैनगंगा: पुण्यात कळत नाही म्हणून गोंदिया-गडचिरोलीत रोज वापरातला शब्द परका ठरत नाही. प्रमाण भाषेचा हा जुलूम आम्ही शाळेपासून सोसतोय.

खानदेशी: आईकडचा वंश बाजूला ठेवा, 'भाऊबंद' शब्द गुजरातच्या डांगात बघा. 1842मध्ये इंग्रजांनी तिथल्या भिल्ल राजे-नाईकांकडून जंगल पट्ट्याने घेतलं, त्यांना साग हवा होता. पैसा एकट्या राजाचा नव्हता, भाऊबंदांचाही त्यात वाटा. म्हणजे भाऊबंद कोण हे ठरलं की लाकडाचा पैसा कुणाचा हे ठरतं! अजूनही होळीच्या आधी आहव्याला डांग दरबार भरतो, गाढवी, आमळा, वासुर्णा, दहेर, पिंपरी या पाच राजांना सालियाणा मिळतो, नाईक आणि भाऊबंदांनाही. 'भाऊबंद' नुसतं नातं नाही, तो हिस्सेदार आहे.

उंबरठा: 'हिस्सेदार' जवळचं वाटतंय. आणखी एक. 'टिंबर राइट्स'ला 'वनहक्क' चालेल?

वैनगंगा: मुळीच नको. वनहक्क कायद्याने गौण वनोपज दिलं, इमारती लाकूड त्यात नाही. बांबूची लढाई शब्दावरच होती. 1927च्या वन कायद्यात बांबू झाडांत धरलेला, 2006च्या कायद्यात गौण वनोपजात. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला 2009मध्ये 1800 हेक्टरच्या आसपास जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तरी बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती यायला 2011 उजाडलं. 'लाकूडतोडीचा हक्क' लिहा. नाहीतर आमच्या मजुरांचा शब्द घ्या, 'कूपतोड'.

चाफा: कूप म्हणजे विहीर. जंगलात विहीर कशी तोडणार?

वैनगंगा: एका वर्षात तोडायला आखून दिलेला जंगलाचा तुकडा म्हणजे कूप. वनखात्याच्या इंग्रजीतून आला, तिथे फ्रेंचमधून. तोडणं हाच त्याचा मूळ अर्थ.

रत्नागिरीकर: मला हे पटत नाही. आमच्याकडे काटेरी कुंपणाला कुपाटी म्हणतात. आखून, वेगळा काढून ठेवलेला तुकडा तो कूप. शब्द इथलाच असणार, साहेबाने फक्त वहीत चढवला.

वैनगंगा: कुपाला कुंपण नसतं, रत्नागिरीकर. हद्दीच्या झाडांना पट्टे मारतात, तोडायच्या झाडांवर हातोड्याचा शिक्का बसतो. मी लहानपणापासून बघतोय.

रत्नागिरीकर: पट्टा मारला म्हणजे हद्दच घातली ना? मोडीवाचक, इंग्रजी वनखातं यायच्या आधीच्या एखाद्या कागदात रानाच्या संदर्भात 'कूप' दिसलाय का तुम्हाला?

मोडीवाचक: कुलाब्याकडच्या जंगलांचे काही कागद आहेत माझ्याकडे. 'रान राखणे' आणि 'तोड' हे शब्द त्यात आठवतात. कूप शोधतो, पण त्यात 'कुंप' सापडला तर तो कुणाच्या बाजूने धरायचा ते आधी ठरवा.