जॉनी क्वेस्ट पुन्हा पाहिलं, पण हाजीचं काय करायचं?

काळीशाई (धागाकर्ता)
गेल्या महिन्यात 'जॉनी क्वेस्ट' या साहसी कार्टून मालिकेचे सगळे भाग पुन्हा पाहिले. हॅना-बार्बेराची ही मालिका १९६४-६५ साली अमेरिकेत एबीसीवर लागली, एकूण २६ भाग. आमच्या घरी ती नव्वदीत कार्टून नेटवर्कवरून आली. रात्री त्याच चॅनेलवर टीएनटीचे जुने सिनेमे सुरू व्हायच्या आत गृहपाठ आणि कार्टून दोन्ही उरकायची धडपड असे.

रोबॉट कोळ्याचा भाग आजही जबरदस्त आहे. एका डोळ्याचा काळा गोळा, त्याला लांब काटकुळे पाय. रणगाडे धडाधड तोफा डागताहेत आणि हा आपला चालतोच आहे. मालिका घडवणारा डग वाइल्डी हा मुळात कॉमिक्सचा चित्रकार, त्यामुळे सावल्यांमध्ये हात न आखडता काळा रंग ओतलाय. हालचाल बेतास बात, पुष्कळदा फक्त तोंडं हलतात. पण भीती चित्रातूनच येते.

आता हाजी, म्हणजे जॉनीचा जोडीदार. कलकत्त्याचा अनाथ मुलगा, रत्न लावलेला फेटा, 'सिम सिम सालाबिम' म्हटलं की जादू. बाकीच्यांकडे लेझर, जेट, पाणबुड्या. आपल्याकडे मंतर! विज्ञानकथेत भारतीय पोरगाच तेवढा विज्ञानाबाहेर. चाळीत खेळताना हाजी व्हायला कुणी तयार नसे. का, ते आत्ता कळतंय. चित्रं टिकली, हाजी टिकला नाही.

रिमोटवाला
साफ असहमत. १९६४ची अमेरिका आठवा. नागरी हक्क कायदा त्या वर्षी जुलैत झाला आणि सप्टेंबरात प्राइम टाइमला एक सावळा मुलगा गोऱ्या शास्त्रज्ञाच्या घरात राहतोय. नोकर म्हणून नव्हे, दत्तक मुलगा म्हणून. जॉनीच्या वडिलांचा, म्हणजे डॉ. क्वेस्टचा जीव वाचवतो म्हणून तो त्या घरात येतो, कुणाच्या दयेवर नाही. आजच्या फूटपट्टीने मोजायचं तर मग फक्त कालचीच कार्टून्स बघा.

काळीशाई
फूटपट्टी आजची नाही हो, दहा वर्षांच्या पोरांची आहे. आम्ही कुठे काय वाचलं होतं? तरी जॉनी व्हायला भांडणं आणि हाजी व्हायला चिठ्ठ्या.

चिंगी७९
दोघे पुरुष हाजीवरून भांडताय, चालू द्या. जॉनीला आई नाहीच. जेड ही एकच ठसठशीत बाई, ती २६ पैकी दोन भागांत. हाजीला निदान विमानात जागा तरी होती. आणि ॲमेझॉनमधल्या पो-हो जमातीचा भाग पाहा: ते लोक कसे रंगवलेत ते बघितलं की हाजीचं बरं चाललंय असं वाटतं. मी मुलीला तो भाग दाखवला नाही. कोळ्याचा दाखवला, ती उशीमागे लपली.

रिमोटवाला
पो-होबद्दल मान्य. तो भाग मलाही बघवत नाही. हाजीबद्दल मात्र तसूभरही हलणार नाही.

पंतांचा_डबा
नावापासूनच सुरुवात करा की. हाजी म्हणजे हजला जाऊन आलेला. हे पोरगं कधी जाऊन आलं? मंत्रही आपला नाही. 'सिम साला बिम' हे डेन्मार्कात जन्मलेल्या डांटे नावाच्या जादूगाराचं पालुपद. म्हणजे कलकत्त्याच्या पोराला मुसलमानी पदवी, महाराजाचा फेटा आणि डॅनिश मंत्र! १९९६च्या नव्या मालिकेत सुधारणा करायला गेले, तर आडनाव सिंग आणि गडी निघाला बंगलोरचा सुलतान. रोगापेक्षा औषध भयंकर.

अवांतर: शेवटच्या श्रेयनामावलीत जी दृश्यं दिसतात त्यातली काही या मालिकेतली नाहीतच. आधी जॅक आर्मस्ट्राँग या रेडिओवरच्या नायकावर कार्टून करायचा घाट होता, त्याच्या चाचणी फिल्ममधले ते तुकडे आहेत.

रिमोटवाला
पंत, ही सगळी माहिती माझ्याच बाजूची आहे. त्यांना भारत ठाऊक नव्हता, तरी पोराला घरात घेतलं.

काळीशाई
घरात घेतलं, प्रयोगशाळेत नाही.

वाडा_नंबर_तीन
बऱ्याच वर्षांनी लॉगिन झालो, केवळ या धाग्यासाठी. आमच्या वाड्यात हाजी मीच असायचो. रंग सावळा, त्यामुळे चिठ्ठ्यांची वेळच आली नाही, इतरांनी परस्पर ठरवून टाकलं. पहिले दोन दिवस रडलो. मग लक्षात आलं की जॉनीला नुसतं पळायचं असतं आणि त्यांचा अंगरक्षक रेस बॅनन, त्याला मारामारी करायची असते. काय होणार हे मात्र माझ्या मंत्रावर ठरायचं. मी 'सिम सिम सालाबिम' म्हटलं की सगळ्यांनी पुतळा व्हायचं, असा नियमच करून टाकला. तेव्हा काळीशाई, तुमचं पटतं आणि नाहीही. मालिका पुन्हा पाहायची हिंमत अजून केलेली नाही.

चिंगी७९
फेटा कसला बांधायचात?

वाडा_नंबर_तीन
बाबांचा पंचा. रत्न म्हणून आईच्या साडीची पिन. ती एकदा हौदात पडली, मग दोन दिवस हाजी घरात कोंडलेला.